होम स्क्रीन अडखळते, रीस्टार्टने सुधारते, चार दिवसांनी पुन्हा अडखळते: कारण कुठे शोधायचं

होमचं बटण दाबलं की आधी नुसता वॉलपेपर दिसतो. मग एकेक आयकॉन उगवतो, खालची पट्टी सगळ्यात शेवटी येते. पान सरकवलं तर बोट पुढे जातं आणि पान मागून येतं. ठाणे स्टेशनच्या पुलावर तिकिटाचं अ‍ॅप उघडायचं असतं, मागून गर्दी रेटत असते, आणि आयकॉन दाबून दोन-तीन सेकंद झाले तरी काहीच हलत नाही. यावर बहुतेकांचे उपाय ठरलेले असतात: रीस्टार्ट, 'क्लिअर ऑल' आणि प्ले स्टोअरवरचं एखादं क्लीनर अ‍ॅप. चार दिवस बरे जातात आणि मग पुन्हा तेच सुरू होतं.

रीस्टार्ट केल्याने रॅम, म्हणजे चालू अ‍ॅप्स जिथे राहतात ती तात्पुरती जागा, रिकामी होते, एवढंच. ती कोण भरतंय, स्टोरेज किती तुंबलंय, फोन तापतोय का, यातलं काहीच त्याने बदलत नाही. शिवाय या तक्रारीची कारणं निदान सहा-सात आहेत आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. म्हणून लगेच सेटिंग्ज उचकू नका. दोन दिवस फोन नेमका कधी अडतो एवढंच पाहा.

कॅमेरा, मॅप्स किंवा गेममधून होमवर परतताना अडत असेल आणि एरवी ठीक असेल, तर रॅम कमी पडते आहे. सगळीकडेच अडत असेल, अगदी कीबोर्ड वर यायलाही वेळ लागत असेल, तर आधी स्टोरेज तपासा. भर दुपारी, स्कूटरच्या होल्डरवर किंवा चार्जिंगला लावल्यावर अडत असेल तर ती उष्णता. एकाच पानावर गेल्यावर झटका बसत असेल तर त्या पानावरचं विजेट, म्हणजे घड्याळ किंवा हवामानासारखी माहिती होमवरच दाखवणारा चौकोन. संध्याकाळी बॅटरी उतरल्यावरच मंद होत असेल तर पॉवर सेव्हिंग. आणि दोनदा-तीनदा दाबावं लागतं, पण एकदा दाब लागला की अ‍ॅप पटकन उघडतं, असं असेल तर दोष होम स्क्रीनचा नाही, टचचा आहे.

लाँचर मारला जातो तेव्हा

अँड्रॉइडमध्ये होम स्क्रीन हेही एक अ‍ॅपच आहे. त्याला लाँचर म्हणतात. सॅमसंगवर त्याचं नाव वन यूआय होम, शाओमी आणि रिअलमीवर सिस्टीम लाँचर, पिक्सेलवर पिक्सेल लाँचर. तुम्ही दुसऱ्या अ‍ॅपमध्ये असता तेव्हा लाँचर मागे थांबून असतो. रॅम संपत आली की अँड्रॉइड मागची अ‍ॅप्स बंद करायला घेतं, आणि त्याचा क्रम ठरलेला असतो. बऱ्याच वेळात न उघडलेली अ‍ॅप्स आधी जातात, नुकतंच सोडलेलं अ‍ॅप त्यानंतर, आणि लाँचरला त्याहूनही वरची जागा असते. तरीही लाँचर बंद झाला, तर दुसरं बंद करण्यासारखं फारसं काही उरलेलं नव्हतं. मग होम दाबल्यावर तो पहिल्यापासून सुरू होतो: वॉलपेपर, आयकॉन, विजेट, सूचनांचे आकडे, सगळं नव्याने.

याची चाचणी सोपी आहे. होमवर या, दहा सेकंद थांबा. कॅमेरा उघडा, एक फोटो काढा, व्हिडिओ मोडवर जा, होम दाबा. कॅमेरा रॅमवर मोठा ताण देतो. परतल्यावर पान जसंच्या तसं दिसलं तर लाँचर जिवंत होता. आयकॉन नव्याने उगवले तर तो मारला गेला होता. तीन-चार वेळा करून पाहा. प्रत्येक वेळी उगवत असतील तर या विभागातला पुढचा भाग तुमच्यासाठीच आहे.

'क्लिअर ऑल'ने इथे फायदा होत नाही, उलट तोटा होतो. ज्या अ‍ॅपला मागे चालायची परवानगी आहे ते काही मिनिटांत पुन्हा उठून बसतं, आणि प्रत्येक वेळी शून्यापासून सुरू होताना प्रोसेसर आणि बॅटरी दोन्ही खातं. क्लीनर आणि बूस्टर अ‍ॅप्स हेच काम दिवसभर करतात, वर स्वतः रॅममध्ये बसून राहतात आणि जाहिराती दाखवतात. अशी अ‍ॅप्स आजच काढून टाका. या लेखातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचा उपाय हाच आहे.

रॅम कोण धरून बसलंय ते प्रत्यक्ष पाहता येतं. सेटिंग्ज, अबाउट फोन, तिथे बिल्ड नंबरवर सात वेळा दाबा. सॅमसंगवर बिल्ड नंबर सॉफ्टवेअर इन्फर्मेशनच्या आत असतो, शाओमीवर त्याऐवजी ओएस व्हर्जनवर दाबायचं. डेव्हलपर ऑप्शन्स उघडतील, त्यात रनिंग सर्व्हिसेस शोधा. कोणतं अ‍ॅप किती एमबी धरून आहे याची यादी तिथे दिसते. गुगल प्ले सर्व्हिसेस, सिस्टीम यूआय आणि कीबोर्ड वरच्या भागात असणारच, त्यांना हात लावू नका. बघायचं ते बाकीचं: महिन्यातून एकदा उघडणारी खरेदीची अ‍ॅप्स, फोन कोणाचा ते सांगणारं अ‍ॅप, कॉल रेकॉर्डर, तरंगती बटणं, कधीकाळी टाकलेलं व्हीपीएन. नको ते काढा. हवं आहे पण मागे चालायला नको, अशा अ‍ॅपसाठी सेटिंग्ज, अ‍ॅप्स, ते अ‍ॅप, बॅटरी, आणि तिथे रिस्ट्रिक्टेड. व्हॉट्सअ‍ॅप, अलार्म, मेसेजेस आणि औषधाची आठवण करून देणारी अ‍ॅप्स यांना मात्र हे लावू नका, सूचना उशिरा येतील किंवा येणारच नाहीत.

डेव्हलपर ऑप्शन्समध्ये आहातच तर 'डोन्ट कीप अ‍ॅक्टिव्हिटीज' बंद आहे ना, पाहून घ्या. कोणाच्या तरी सल्ल्याने ते चालू केलेलं असतं आणि मग प्रत्येक पान सोडताक्षणी नष्ट होतं. 'बॅकग्राउंड प्रोसेस लिमिट' स्टँडर्डवरच राहू द्या.

नवी मुंबईत हमखास नजरेतून सुटणारं एक कारण म्हणजे वर्क प्रोफाइल. ऐरोली, घणसोली, महापेच्या कंपन्यांत नोकरी असेल तर ऑफिसचा मेल फोनवर घेताना ही दुसरी, स्वतंत्र कप्प्यातली जागा तयार होते. आयकॉनवर छोटी ब्रीफकेस दिसते. हा कप्पा नुसती दोन-चार अ‍ॅप्स नसतो. त्यात सिस्टीमच्या काही सेवांचीही दुसरी प्रत चालू असते. ६ किंवा ८ जीबी रॅमच्या फोनला ते जाणवत नाही, पण ४ जीबीच्या फोनवर लाँचर मारला जाण्याचं तेच कारण ठरू शकतं. घरी पोचल्यावर अ‍ॅप ड्रॉवरच्या वर्क टॅबमध्ये जाऊन वर्क अ‍ॅप्स पॉज करा. फोन त्यानंतर सुधारला तर कारण सापडलं. दोन व्हॉट्सअ‍ॅपसाठी वापरलेलं ड्युअल मेसेंजर किंवा ड्युअल अ‍ॅप्स याच जातीचं आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या एकाच अ‍ॅपमध्ये आता दोन खाती ठेवता येतात, दुसरी प्रत लागत नाही. ती काढण्याआधी तिच्यातल्या चॅट्सचा बॅकअप तेवढा घ्या.

आता वाढीव रॅमबद्दल. सॅमसंगवर रॅम प्लस, इतरत्र मेमरी एक्स्टेन्शन किंवा रॅम एक्स्पान्शन. '४ + ४ जीबी' लिहिलेलं पाहून लोक खूश होतात. ही रॅम नाही. स्टोरेजचा एक तुकडा राखून ठेवून रॅममधला कमी वापरातला मजकूर तिथे ढकलला जातो. वेगवान स्टोरेजच्या फोनवर याचा थोडा फायदा होतो. स्वस्त फोनवर, स्टोरेज आधीच भरलेलं असताना, प्रत्येक ढकलाढकलीत होम स्क्रीन थांबते. आमचा सल्ला स्पष्ट आहे: फोन ६४ जीबीचा आणि ईएमएमसी स्टोरेजचा असेल तर हे बंद करून रीस्टार्ट करा, तीन दिवस वापरून पाहा. बिघडलं असं वाटलं तर परत चालू करायला एक मिनिट लागतं.

स्टोरेज: इथेच बहुतेकांचं घोडं अडतं

अँड्रॉइड फोनचं स्टोरेज सहसा दोन प्रकारचं असतं. स्वस्त फोनमध्ये ईएमएमसी, त्यावरच्या फोनमध्ये यूएफएस. यूएफएस एकाच वेळी वाचू आणि लिहू शकतं. ईएमएमसीला एका वेळी एकच काम जमतं, एका वेळी एकाच बाजूची वाहनं सोडणाऱ्या अरुंद पुलासारखं. सोसायटीच्या ग्रुपवर गणपतीच्या मिरवणुकीचे तीस व्हिडिओ आले आणि व्हॉट्सअ‍ॅप ते एकामागून एक उतरवून घेत असेल, तर त्याच क्षणी आयकॉन वाचू पाहणारा लाँचर खोळंबतो. फोनमध्ये कोणतं स्टोरेज आहे ते कंपनीच्या साइटवर मॉडेलच्या माहितीत लिहिलेलं असतं.

जागा भरत आली की दोन्ही प्रकार मंदावतात. या चिपवर जुन्या मजकुरावर थेट नवं लिहिता येत नाही. आधी अख्खा ब्लॉक पुसावा लागतो. रिकामे ब्लॉक भरपूर असतील तर पुसण्याचं काम मागाहून निवांत होतं. ते संपले की प्रत्येक लिहिण्याआधी हलवाहलव आणि पुसापुशी करावी लागते, आणि तोवर सगळं थांबतं. म्हणून निदान १५ टक्के जागा कायम मोकळी हवी: ६४ जीबीच्या फोनवर साधारण १० जीबी, १२८ वर २० जीबी. 'स्टोरेज संपत आलं' ही अँड्रॉइडची सूचना फार उशिरा येते, तिची वाट पाहू नका.

साफसफाई कुठून करायची? व्हॉट्सअ‍ॅपपासून. सेटिंग्ज, स्टोरेज अँड डेटा, मॅनेज स्टोरेज. वर '५ एमबीहून मोठ्या' आणि 'अनेकदा फॉरवर्ड केलेल्या' फाइल्सचे दोन गठ्ठे तयारच असतात. दुसरा गठ्ठा एक नजर टाकून सरसकट उडवला तरी सहसा चालतं. पहिला मात्र नीट पाहा, त्यात घराच्या कराराची किंवा मुलांच्या शाळेची पीडीएफ असू शकते. मग त्याच मेनूत मीडिया ऑटो-डाउनलोड: मोबाइल डेटा, वायफाय आणि रोमिंग, तिन्हींमध्ये व्हिडिओवरची खूण काढा. वायफायवरची खूण बहुतेकांची राहून जाते, आणि घरी पोचलं की फोन पुन्हा भरायला लागतो. पंधरा दिवसांनी संथपणा परत येण्याचं हे फार मोठं कारण आहे. नुसतं पुसून उपयोग नाही, भरणं थांबवायला हवं.

दुसरी गफलत कचरापेटीची. फोटो डिलीट केले तरी जागा लगेच सुटत नाही. सॅमसंग गॅलरीची ट्रॅश ३० दिवस आणि गुगल फोटोजची, बॅकअप घेतलेल्या फोटोंसाठी, ६० दिवस सगळं धरून ठेवते. डिलीट केल्यावर ट्रॅश रिकामी करा, पण त्याआधी बॅकअप खरंच झालाय याची खात्री करून घ्या. टेलिग्राम वापरत असाल तर त्याच्या सेटिंग्जमधल्या स्टोरेज युसेजमध्ये जा, कित्येक जीबीचा कॅश, म्हणजे साठवून ठेवलेल्या तात्पुरत्या फाइल्स, तिथे निघू शकतो. 'कीप मीडिया' एका आठवड्यावर आणा.

मेमरी कार्ड असेल तर फोन बंद करून ते काढा आणि दिवसभर तसाच वापरा. जुनं किंवा बिघडत चाललेलं कार्ड वाचताना फोन वारंवार थबकतो, आणि कार्डावर हलवलेल्या अ‍ॅप्सचे आयकॉन उशिरा येतात, त्यांची विजेट्स तर गायबही होतात. कार्ड फोटो-गाण्यांपुरतं ठेवा, अ‍ॅप्स फोनच्या आतच असू द्या.

अजून एक गोष्ट. रिकामे झालेले ब्लॉक खरंच मोकळे असल्याचं चिपला कळवण्याचं काम अँड्रॉइड ४.३ पासून, म्हणजे २०१३ पासून, फोन आपण होऊन करतो. पण केव्हा? फोन चार्जिंगला असेल आणि कोणी वापरत नसेल तेव्हा. अपडेटनंतर अ‍ॅप्सचा कोड नव्याने घडवून ठेवण्याचं कामही त्याच वेळेत होतं. रात्री फोन बंद करून झोपणाऱ्यांच्या, किंवा फक्त ऑफिसात काम करता करता चार्ज करणाऱ्यांच्या फोनवर ही दोन्ही कामं तुंबतात. आठवड्यातून दोन-तीन रात्री फोन चालू ठेवून चार्जिंगला लावा. मोठ्या अपडेटनंतर फोन मंद झाला असेल तर काहीही करण्याआधी अशा दोन रात्री जाऊ द्या.

खुद्द होम स्क्रीनवर काय मांडलंय

कोणताही बदल करण्याआधी होमच्या प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट काढा. पुढे मांडणी पुन्हा लावताना तो लागेल.

आता सगळी विजेट्स काढा, घड्याळसुद्धा. एक दिवस वापरा. पान सरकवणं मऊ झालं असेल तर रोज एकच विजेट परत ठेवा. ज्या दिवशी झटके परत येतील त्या दिवशीचं विजेट दोषी. विजेटला स्वतःहून ताजं होण्यासाठी अँड्रॉइडने किमान अर्ध्या तासाचं अंतर घातलेलं आहे, पण अ‍ॅप मागे चालू राहून त्याला वाटेल तेव्हा हलवू शकतं. हवामान, क्रिकेटचा स्कोअर, शेअर बाजार आणि फोटो बदलत राहणारी विजेट्स यात आघाडीवर असतात.

हलता वॉलपेपर काढून साधं चित्र लावा. सगळ्यात डाव्या पानावरची बातम्यांची जागा लागत नसेल तर तीही बंद करा: होमवर रिकाम्या जागी बोट दाबून धरा, होम सेटिंग्जमध्ये जा, तिथे गुगल अ‍ॅपचं पान बंद करायचा पर्याय असतो. सॅमसंगवर बोट दाबून धरल्यावर डावीकडच्या शेवटच्या पानावर जा आणि वरचं बटण बंद करा. लॉक स्क्रीनवर रोज नवे फोटो आणि मथळे आणणारी ग्लान्स ही सोय बऱ्याच फोनवर आधीपासून चालू असते. ती लॉक स्क्रीन किंवा वॉलपेपरच्या सेटिंगमध्ये सापडेल, तीही बंद. शाओमीच्या फोल्डरमध्ये नाव बदलायला गेलात की 'प्रमोटेड अ‍ॅप्स'चं बटण दिसतं. रिअलमीवर 'हॉट अ‍ॅप्स', 'हॉट गेम्स' असे फोल्डर असतात. दोन्हीचा तुम्हाला काडीचाही उपयोग नाही.

बाहेरचा लाँचर टाकला असेल आणि इशाऱ्यांनी, म्हणजे बोट खालून वर सरकवून, होमवर जात असाल तर एक मर्यादा समजून घ्या. अलीकडच्या अँड्रॉइडमध्ये अलीकडच्या अ‍ॅप्सची यादी आणि तिची हालचाल कंपनीच्या मूळ लाँचरकडेच असते. म्हणजे दोन लाँचर जागे राहतात आणि मधल्या हस्तांतरात झटका बसतो. तीन बटणांचं नेव्हिगेशन लावून पाहा, किंवा मूळ लाँचरवर परता. सेटिंग्ज, अ‍ॅप्स, डिफॉल्ट अ‍ॅप्स, होम अ‍ॅप.

मूळ लाँचरच बिनसला असेल तर सेटिंग्ज, अ‍ॅप्स, त्यात सिस्टीम अ‍ॅप्स दाखवा, लाँचर निवडा, स्टोरेज, क्लिअर कॅश. याने मांडणी बिघडत नाही. शेजारचं 'क्लिअर डेटा' मात्र सगळी पानं, फोल्डर, विजेट्स पुसून होम स्क्रीन कारखान्यातून आल्यासारखी करतं. कधीकधी तेच करावं लागतं, पण स्क्रीनशॉट काढल्यानंतरच.

उन्हाळा, स्कूटर आणि चार्जर

फोन बनवणाऱ्या कंपन्या वापरासाठी साधारण ० ते ३५ अंशांचं हवामान सुचवतात. एप्रिल-मेच्या दुपारी ठाण्यात पारा त्याच्या वर असतो, आणि घोडबंदर रोडवर हँडलच्या होल्डरमध्ये, थेट उन्हात, मॅप्स चालू, स्क्रीन पूर्ण उजेडात, पॉवर बँक जोडलेली, असा फोन कितीही महागडा असला तरी तापणार. तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो. हा बिघाड नाही, चिप आणि बॅटरी वाचवण्यासाठी केलेली सोय आहे. म्हणून इथे सेटिंग बदलून काही मिळत नाही, उष्णता कमी करावी लागते. चार्जिंगच्या वेळी जाड कव्हर काढा. मॅप्स आधी ऑफलाइन उतरवून ठेवा. हॉटस्पॉट आणि चार्जिंग एकत्र टाळा. उंच इमारतीत किंवा लोकलमध्ये रेंज क्षीण झाली की फोन टॉवर शोधत राहतो आणि त्यानेही तापतो. ५जी सतत येत-जात असेल तर त्या वेळेपुरतं नेटवर्क ४जीवर ठेवा.

तापलेला फोन फ्रिजमध्ये किंवा एसीच्या झोतासमोर ठेवू नका. आपल्याकडच्या दमट हवेत आतमध्ये पाणी धरतं. सावलीत, कव्हर काढून, पंख्याखाली दहा-पंधरा मिनिटं पुरतात.

पॉवर सेव्हिंग कायम चालू ठेवण्याची सवय अनेकांना असते. सॅमसंगच्या पॉवर सेव्हिंगमध्ये प्रोसेसरचा वेग ७० टक्क्यांवर रोखण्याचा पर्याय आहे, आणि १२० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला १२० चित्रं दाखवणारी, स्क्रीन ६० वर उतरते. १२० हर्ट्झवर प्रत्येक चित्राला ८.३ मिलिसेकंद मिळतात, ६० वर १६.७. हा फरक डोळ्यांना लगेच कळतो आणि फोन 'जड' झाल्यासारखा वाटतो. बॅटरी पुरत नाही म्हणून हे चालू ठेवावं लागत असेल तर आता बॅटरी बदलायची वेळ झाली आहे. फोनची पाठ फुगलेली, स्क्रीन एका कडेने उचललेली दिसली तर चार्जिंग लगेच थांबवा आणि फोन दुरुस्तीला न्या.

पावसाळ्यातला टच

ओल्या बोटांनी, पावसाच्या प्लास्टिक पाऊचमधून किंवा कडेला हवा धरलेल्या टेम्पर्ड ग्लासवरून स्पर्श नीट पोचत नाही. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये 'शो टॅप्स' चालू करा. बोट टेकताच पांढरा ठिपका उमटला आणि अ‍ॅप उशिरा उघडलं तर दोष आतला. ठिपकाच उशिरा उमटला, तुटला किंवा बोट न लावता उमटला तर दोष काचेचा. ग्लास काढून, स्क्रीन कोरड्या कापडाने पुसून पुन्हा पाहा. जाड ग्लाससाठी सॅमसंगवर डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये टच सेन्सिटिव्हिटी आहे.

स्क्रीन बदलून घेतल्यापासून तक्रार सुरू झाली असेल तर बसवलेला पॅनेल हलक्या प्रतीचा असू शकतो. अशा पॅनेलचा टच मंद असतो आणि कधी मूळचा ९० किंवा १२० हर्ट्झ वेगही मिळत नाही. नौपाड्यात, वाशीत कुठेही स्क्रीन बदलताना दोन प्रश्न आधी विचारा: पॅनेल कंपनीचा आहे की कॉपी, आणि रिफ्रेश रेट मूळचाच राहील ना. उत्तर बिलावर लिहून घ्या.

तरीही अडत असेल तर सेफ मोड

सेफ मोडमध्ये तुम्ही टाकलेली अ‍ॅप्स चालत नाहीत, फक्त फोनसोबत आलेली चालतात. पॉवरचा मेनू आणा, पॉवर ऑफवर बोट दाबून धरा, सेफ मोडला होकार द्या. शाओमीसारख्या काही फोनवर रस्ता वेगळा आहे, मॉडेलप्रमाणे पाहा. विजेट्स जागेवरून हलू शकतात, म्हणूनच वरचे स्क्रीनशॉट. तासभर वापरा. इथे होम स्क्रीन चपळ चालली तर दोष टाकलेल्या एखाद्या अ‍ॅपचा आहे. बाहेर पडायला साधा रीस्टार्ट पुरतो.

संशयित शोधायला तीन जागा आहेत. पहिली, 'डिस्प्ले ओव्हर अदर अ‍ॅप्स'ची परवानगी: होमवर अचानक जाहिरात झळकत असेल तर चोर बहुधा याच यादीत असतो. दुसरी, अ‍ॅक्सेसिबिलिटी. इथे चालू असलेलं प्रत्येक अ‍ॅप स्क्रीनवरची हालचाल वाचत असतं, त्यामुळे वेग तर उतरतोच, शिवाय तुम्ही काय टाइप करता तेही त्याला दिसू शकतं. दृष्टी किंवा श्रवणासाठी खरंच लागणारं सोडून बाकी सगळं बंद करा. घरातल्या ज्येष्ठांच्या फोनवर ही यादी आवर्जून पाहा. तिसरी, नुकतीच आलेली अ‍ॅप्स: प्ले स्टोअरमधल्या 'मॅनेज अ‍ॅप्स'मध्ये फोनवरच्या अ‍ॅप्सची यादी दिसते. आयकॉन नसलेलं किंवा नावच नसलेलं अ‍ॅप दिसलं तर ते काढा आणि प्ले स्टोअरमधल्या प्ले प्रोटेक्ट या सुरक्षा तपासणीने फोन तपासा.

अ‍ॅनिमेशनचा वेग

हा उपाय सगळेच पहिला सांगतात, आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला आहे. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये विंडो अ‍ॅनिमेशन स्केल, ट्रान्झिशन अ‍ॅनिमेशन स्केल आणि अ‍ॅनिमेटर ड्युरेशन स्केल, तिन्ही १ वरून ०.५ वर आणा. फोन लगेच चपळ वाटतो. पण काम तेवढंच आहे, मधली हालचाल फक्त अर्ध्या वेळात उरकते. आधीच केलं असतं तर खरं कारण झाकलं गेलं असतं. पूर्ण शून्यावर नेऊ नका, काही अ‍ॅप्समधलं फिरणारं चक्र गोठतं आणि पैसे पाठवताना व्यवहार अडकल्याचा भास होतो. काही बँकांची अ‍ॅप्स डेव्हलपर ऑप्शन्स चालू असतील तर उघडतच नाहीत. तेव्हा ते बंद करावं लागेल, आणि पुष्कळ फोनवर त्याबरोबर हा वेगही १ वर परततो.

आयफोनवर यातलं फार थोडं लागू आहे. जनरलमध्ये आयफोन स्टोरेज पाहा, बॅटरी हेल्थमध्ये कमाल क्षमता ८० टक्क्यांच्या खाली गेली आहे का पाहा, आणि अ‍ॅक्सेसिबिलिटीत रिड्यूस मोशन लावून बघा. बॅटरी थकली की आयफोन वेग उतरवू शकतो, आणि बॅटरी बदलल्यावर तो परत येतो.

फॅक्टरी रीसेट करायचाच असेल

वरचं सगळं करूनही अडत असेल तरच. २ किंवा ३ जीबी रॅमचा जुना फोन असेल तर रीसेटनेही फार फरक पडणार नाही. त्यावर नायगारासारखा हलका लाँचर, कमीत कमी अ‍ॅप्स आणि आठवड्याला एक रीस्टार्ट, एवढ्यात भागवा. सॅमसंगवर डिव्हाइस केअरमध्ये रीस्टार्ट आपोआप करण्याचीही सोय आहे.

रीसेटआधी गुगल खात्याचा पासवर्ड दुसऱ्या उपकरणावर टाकून चालतोय ना, पाहा. तो आठवला नाही तर रीसेटनंतर फोन उघडताना अडचण येऊ शकते. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप आता गुगलच्या मोफत १५ जीबीतच मोजला जातो, तिथे जागा आहे का बघा. लॉगिनचे कोड देणारं ऑथेंटिकेटर अ‍ॅप वापरत असाल तर त्यातली खाती आधी दुसरीकडे न्या. यूपीआय नव्याने सुरू करताना फोनमधून एक एसएमएस जातो, त्यामुळे बँकेला जोडलेलं सिम त्याच फोनमध्ये हवं आणि त्यावर एसएमएस जाण्यापुरता रिचार्ज हवा.

रीसेटनंतर 'सगळी अ‍ॅप्स परत आणा' याला होकार देऊ नका. दिलात तर जुना गोंधळ जसाच्या तसा परत येतो. पहिल्या दिवशी फोन, मेसेजेस, व्हॉट्सअ‍ॅप, बँक आणि तिकिटाचं अ‍ॅप एवढीच घ्या, व्हॉट्सअ‍ॅपचं ऑटो-डाउनलोड त्याच वेळी बंद करा, आणि रात्रभर फोन चार्जिंगला चालू ठेवा. बाकीचं अ‍ॅप गरज पडेल त्या दिवशी घ्या. कॅमेऱ्याची चाचणी पहिल्या दिवशी एकदा करून ठेवा आणि पुढे दर पाच-सहा नव्या अ‍ॅप्सनंतर पुन्हा करा. आयकॉन नव्याने उगवायला लागले की शेवटच्या पाच-सहांतलंच कोणीतरी आहे, रनिंग सर्व्हिसेस उघडा.